पतसंस्थेच्या सर्व्हरवर किंग्स्टन डीसी६००एम : एक मार्च एंड पार पडल्यानंतर

इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळते. मुख्य कार्यालय आणि आजूबाजूच्या गावांतल्या शाखा, सगळ्यांचा व्यवहार एकाच सर्व्हरवर चालतो. विंडोज सर्व्हर, त्यावर एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आणि पतसंस्थांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. गेल्या वर्षी या सर्व्हरमधल्या फिरत्या हार्ड डिस्कवरचा डेटाबेस हलवला आणि किंग्स्टनच्या डीसी६००एम मालिकेतल्या ९६० जीबीच्या दोन एसएसडींवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर माहिती ठेवणाऱ्या ड्राइव्हवर आणला. मार्च एंड त्यांच्यावर झाला, म्हणून आता लिहिते आहे. लहान संस्थांत ही खरेदी बहुतेक वेळा कोटेशनमधला सर्वांत कमी आकडा बघून होते, आणि एसएसडीच्या बाबतीत मला ते धोक्याचं वाटतं.

आधी त्रास काय होता ते सांगते. संध्याकाळी आमच्याकडे पिग्मी एजंट मशीन घेऊन येतात. यंत्रमागवाले, किराणा दुकानदार, चहाचे गाडे, भाजीवाल्या मावशी यांच्याकडून दिवसभर गोळा केलेले वीस, पन्नास, शंभर रुपये. एकेका मशीनमध्ये ढीगभर नोंदी, आणि सगळे एजंट साधारण एकाच वेळी येणार. तेव्हाच काउंटरवर कॅश जुळवणं चालू असतं, शाखा दिवसअखेरीला लागलेल्या असतात. रक्कम वीस रुपयांची असली तरी डेटाबेसच्या दृष्टीने तो पूर्ण व्यवहार असतो. खात्याची शिल्लक बदलायची, एजंटच्या नावे नोंद करायची, खतावणीत टाकायची, इंडेक्स सुधारायचे. यातली प्रत्येक गोष्ट डिस्कच्या वेगळ्या जागी. त्या वेळात पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं आणि कॅशियर ताई दारात येऊन विचारायच्या, "मॅडम, सर्व्हर हँग झालाय का?" हँग झालेला नसायचा. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असायचा आणि डिस्कची रांग वाढत जायची.

याचं कारण साध्या गणितात आहे. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. एक नोंद इकडची, एक तिकडची अशी मागणी आली की अशी डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशी कामांच्या पुढे जात नाही. एसक्यूएल सर्व्हर डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतो. ऐंशी पानं म्हणजे ६४० केबी. मोठी फाइल सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगाने कॉपी करणारी डिस्क पिग्मीच्या वेळी सेकंदाला एक एमबीसुद्धा देत नाही. सर्व्हरसाठीच्या, १५ हजार आरपीएमच्या महागड्या सॅस डिस्क लावल्या तरी हा आकडा पावणेदोनशे-दोनशेपर्यंतच जातो. मोठ्या कंपन्या पूर्वी यासाठी डझनावारी डिस्क जोडत आणि हेडला कमी सरकावं लागावं म्हणून प्रत्येक डिस्कचा फक्त बाहेरचा भाग वापरत, बाकीची जागा मुद्दाम रिकामी. आमच्यासारख्या संस्थेला ते परवडणारं नव्हतं.

एसएसडीत फ्लॅश मेमरी असते. तिच्यात हेडही नाही आणि तबकडीही नाही. तोशिबात फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ मध्ये नँड फ्लॅश, म्हणजे आज वापरात असलेला फ्लॅशचा प्रकार, जगापुढे मांडली. आज पेन ड्राइव्हपासून डेटा सेंटरपर्यंत सगळीकडे तिचीच वंशावळ आहे. पेशीत विजेचा भार अडकवून ठेवायचा आणि त्याच्या पातळीवरून बिट वाचायचे, हे तिचं तत्त्व. डीसी६००एममध्ये टीएलसी नँड आहे, म्हणजे एका पेशीत तीन बिट, भाराच्या आठ पातळ्या. कुठलंही पान वाचायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, आणि तो मिलिसेकंदाच्या एका लहान अंशाइतका असतो. कंपनीने ९६० जीबीच्या मॉडेलसाठी ४ केबीच्या विखुरलेल्या कामांचा वेग दिला आहे तो असा : वाचन सेकंदाला ९४ हजार, लेखन ६५ हजार. हे आकडे ड्राइव्ह नवा कोरा असतानाचे नाहीत, सतत लिहून स्थिर अवस्थेला आल्यानंतरचे आहेत. ऐंशीच्या शेजारी ठेवून बघा.

आता खरेदीतली मुख्य गोष्ट.

कोटेशन मागवली तेव्हा एका विक्रेत्याने डेस्कटॉपची एसएसडी सुचवली. "मॅडम, स्पीड सेमच आहे, निम्म्या किमतीत होईल." खोक्यावरचा वेग खरोखर सारखाच होता. सेकंदाला ५५०-५६० एमबी. तो सारखा असणारच, कारण साटाची, म्हणजे ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारी वाट ६ गिगाबिटची, त्यातून प्रत्यक्ष ६०० एमबीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. चांगली साधी एसएसडी आणि सर्व्हरची एसएसडी दोन्ही त्या मर्यादेला टेकतात. फरक आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागांमध्ये असतो, आणि त्याचा उल्लेख खोक्यावर मोठ्या अक्षरांत नसतो.

फ्लॅशवर लिहिलेलं पान तिथल्या तिथे बदलता येत नाही. पान लिहिता येतं, पण पुसायचा असतो तो अख्खा ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पानं असतात. किर्दीत आपण खाडाखोड करत नाही, नवी नोंद घालतो आणि जुनी रद्द धरतो, तसंच ड्राइव्हचं काम चालतं. नवी माहिती नव्या जागी लिहायची आणि कुठल्या पत्त्याची ताजी माहिती कुठे आहे याचा नकाशा सांभाळायचा. हा नकाशा आणि नुकतीच आलेली माहिती काही काळ ड्राइव्हच्या डीरॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असते. त्याच क्षणी वीज गेली तर डीरॅममधलं सगळं पुसलं जातं. डीसी६००एमच्या बोर्डवर यासाठी कपॅसिटर दिले आहेत. वीज तुटली की त्यांच्यातल्या साठ्यावर ड्राइव्ह डीरॅममधलं उरलेलं नँडवर उतरवतो आणि मगच बंद पडतो.

ही सोय केवळ सुरक्षिततेची नाही, वेगही तिच्यातूनच येतो. एसक्यूएल सर्व्हर कुठलाही व्यवहार पूर्ण झाला असं म्हणण्याआधी त्याची नोंद लॉग फाइलमध्ये डिस्कवर पक्की झाल्याची खात्री मागतो. पावती तोपर्यंत निघत नाही. कपॅसिटर असलेला ड्राइव्ह डीरॅममध्ये माहिती आली की प्रामाणिकपणे 'झालं' म्हणू शकतो, कारण वीज गेली तरी ती टिकणार आहे. कपॅसिटर नसलेल्या ड्राइव्हला प्रत्येक वेळी नँडवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं डिस्कएसपीडी हे मोफत साधन वापरून मी कार्यालयातल्या एका डेस्कटॉप एसएसडीवर आणि या ड्राइव्हवर एकच चाचणी घेतली : ४ केबीची लेखनं, एकामागून एक, सगळे कॅशे बंद. डेस्कटॉपचा ड्राइव्ह सेकंदाला शेकड्यांत अडकला. डीसी६००एम हजारांत चालत राहिला. दोघांच्याही खोक्यावर वेग तोच छापलेला. आमच्या काउंटरवर आणि पिग्मीच्या वेळी जे काम होतं ते नेमकं अशा छोट्या-छोट्या लेखनांचं आहे, मोठ्या फाइली कॉपी करण्याचं नाही.

डेस्कटॉप ड्राइव्हची आणखी एक सवय आहे. त्यातले बरेच ड्राइव्ह थोडी जागा एका पेशीत एकच बिट अशी वापरतात आणि सुरुवातीचं लेखन तिथे भराभर घेतात. घरच्या वापरात ती जागा क्वचितच संपते. रात्रभर इंडेक्स नव्याने बांधायचे ठरवले की ती भरते आणि वेग धाडकन खाली येतो. सर्व्हरच्या ड्राइव्हकडून मला पहिल्या मिनिटाला जो वेग मिळतो तोच तासाभरानंतर हवा असतो. डीसी६००एमने तो दिला.

संचालक मंडळाच्या सभेत एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलं होतं, "एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणतात, ते कसं?" प्रश्न रास्त आहे. झिजते. ९६० जीबीच्या मॉडेलला १,७५२ टेराबाइट लेखनाची आणि ५ वर्षांची हमी आहे. हिशेब केला तर रोज ९६० जीबी, म्हणजे रोज अख्खा ड्राइव्ह एकदा भरून लिहावा, तेही पाच वर्षं. आमचं रोजचं लेखन त्याच्या दहाव्या भागालाही पोहोचत नाही. आणि म्हणूनच हेही सांगायला हवं की झिजेच्या भीतीने महाग ड्राइव्ह घ्यायची गरज लहान संस्थेला नाही. सॅमसंगच्या ८७० एव्होच्या १ टीबी मॉडेललाही ६०० टेराबाइटची हमी आहे, म्हणजे पाच वर्षं रोज सव्वातीनशे जीबी. तेवढंही आम्हाला पुरलं असतं. माझा सगळा भर कपॅसिटरवर आहे. विक्रेत्याशी बोलताना टीबीडब्ल्यूच्या, म्हणजे हमीतल्या एकूण लेखनाच्या आकड्यात अडकू नका. 'पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेल्यावरचं संरक्षण) हार्डवेअरमध्ये आहे का' हे लेखी विचारा. फक्त फर्मवेअरमधलं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅममधलं संरक्षण वेगळी गोष्ट, आधी लिहिलेलं बिघडू न देण्यापुरती. डीरॅममध्ये असलेली, अजून नँडवर न उतरलेली माहिती ते वाचवत नाही.

बसवताना लक्षात ठेवण्यासारखं बरंच काही निघालं. आमच्या सर्व्हरचे कप्पे ३.५ इंचांचे आणि ड्राइव्ह २.५ इंचांचा, त्यामुळे ट्रे आणि अडॅप्टर वेगळे मागवावे लागतात. ते कोटेशनमध्ये आधीच घालून घ्या. दोन ड्राइव्ह रेड १ मध्ये, म्हणजे एकाची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर. त्यात दोघांवर सारखंच लेखन होतं आणि दोघे सारखेच झिजतात, म्हणून मी दोन वेगळ्या लॉटमधले ड्राइव्ह मागितले आणि सिरियल नंबर ताडून घेतले. हमीसाठीही ते नंबर बिलावर असलेले बरे. ही जोडणी सांभाळणारी बरीच रेड कार्डं ट्रिमची सूचना ड्राइव्हपर्यंत पोहोचू देत नाहीत, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळत नाही. यावर उपाय म्हणून शेवटची थोडी जागा पार्टिशन न करता सोडली. ड्राइव्हला आतली आवराआवर करायला ती कामी येते. एसक्यूएलच्या डेटाच्या पार्टिशनला ६४ केबीचं अलोकेशन युनिट (जागावाटपाचा सर्वांत लहान तुकडा) दिलं, कार्डाचं रीड अहेड, म्हणजे पुढचं आधीच वाचून ठेवणं, बंद केलं.

फिरत्या डिस्कवर लॉग आणि डेटा वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायचा शिरस्ता होता, कारण हेडची ओढाताण व्हायची. इथे दोन्ही एकाच जोडीवर आहेत आणि त्रास नाही.

प्रत्यक्ष कामाला लावण्याआधी एका रविवारी मी डेटाबेसची प्रत या ड्राइव्हवर चढवली, पिग्मीच्या नोंदी एकामागून एक घुसवणारी स्क्रिप्ट सुरू केली आणि यूपीएसकडून येणारी वायर उपटली. मॅनेजरसाहेब शेजारी उभे होते आणि त्यांना ते बघवत नव्हतं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, एसक्यूएलने आपली रिकव्हरी पूर्ण केली, डीबीसीसी चेकडीबी या डेटाबेस तपासणीत एकही चूक आली नाही, आणि स्क्रिप्टने 'पूर्ण' म्हणून नोंदवलेला शेवटचा व्यवहार टेबलात होता. उद्योगनगरीत राहून, यूपीएसच्या बॅटऱ्या कधी ना कधी दगा देतात हे माहीत असताना, मला ही चाचणी केल्याशिवाय खातेदारांचे पैसे त्या ड्राइव्हवर ठेवायचे नव्हते. तुम्हीही करा, पण प्रतीवर आणि सुट्टीच्या दिवशी.

आता निकाल. दिवसअखेरीला पूर्वी पाऊण ते एक तास लागायचा, आता दहा-बारा मिनिटं. पिग्मीची मशीनं एकापाठोपाठ एक रिकामी होतात, एजंट काकांना रांगेत बसावं लागत नाही. मार्च एंडला ठेवींवरच्या व्याजाची तरतूद, कर्जखात्यांची व्याज आकारणी आणि मग तेरीज, हे काम रात्री नऊच्या सुमारास लावलं की पूर्वी दोन-अडीच वाजायचे. यंदा अकराच्या आत तेरीज जुळलेली छापून हातात होती. आमच्या दोन कर्मचारी हातकणंगल्याकडून येतात. मार्च एंडला त्यांना घरचं कोणीतरी न्यायला येईपर्यंत मध्यरात्रीनंतरही कार्यालयात थांबावं लागायचं, ते यंदा टळलं. तांत्रिक सुधारणेचा माझ्या लेखी हा सर्वांत मोठा लाभ आहे.

ज्यात फरक पडला नाही तेही सांगते. लांबच्या तारखांचा खातेउतारा अजून जवळजवळ तेवढाच वेळ घेतो. त्या रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअर एकेक ओळ उचलून शिल्लक मोजतं, तिथे प्रोसेसरचा एक कोअर गच्च भरतो आणि डिस्क रिकामी बसते. त्यावर उपाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडेच आहे. दोन शाखांची इंटरनेटची लाइन कमजोर आहे, त्यांचा पडदाही तसाच हळू उघडतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक काम कराच : गर्दीच्या वेळी एसक्यूएल सर्व्हरमधली थांब्यांची यादी, म्हणजे कामं कशाची वाट बघत अडतात ते, बघा. पेजआयओलॅच (डिस्कवरून पान येण्याची वाट) आणि राइटलॉग (लॉग लिहून होण्याची वाट) हे थांबे वर असतील तर फ्लॅशने फरक पडेल. ते खाली असतील तर डिस्क बदलून उपयोग नाही. त्याआधी रॅमही बघा. संस्थेचा डेटाबेस लहान असेल आणि तो रॅममध्ये मावत असेल तर वाचनाचा बराच प्रश्न तिथेच सुटतो, आणि लेखनापुरती फ्लॅश उरते. एसक्यूएल एक्सप्रेस ही मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ते डेटासाठी १.४ जीबीच्या आसपासच रॅम वापरतं, म्हणून अशा ठिकाणी चांगल्या एसएसडीचा लाभ आणखी ठळक दिसतो.

एनव्हीएमई, म्हणजे साटाऐवजी नव्या, वेगवान पद्धतीने जोडली जाणारी एसएसडी, का घेतली नाही असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. साटामागची जुनी एएचसीआय पद्धत एकच रांग चालवते आणि त्या रांगेत ३२ कामं. एनव्हीएमईत हजारो रांगा आणि प्रत्येकीत हजारो कामं मावतात. वेगही कितीतरी जास्त. नवा सर्व्हर घेणाऱ्याने तोच मार्ग धरावा, त्यातही कपॅसिटर असलेलाच ड्राइव्ह. आमच्या सर्व्हरला त्यासाठीचे कप्पे नाहीत, आणि साटाच्या या जोडीवर आमची रांग गर्दीच्या वेळीही एक-दोनच्या वर जात नाही. जिथे रांगच नाही तिथे जास्त रांगा घेऊन काय करायचं?

जुन्या फिरत्या डिस्क मी फेकल्या नाहीत. रात्रीचा बॅकअप त्यांच्यावर जातो. बॅकअप म्हणजे सलग लेखन, त्यात त्या अजूनही चांगल्या चालतात आणि प्रति जीबी स्वस्त पडतात. बॅकअपबाबत एक गोष्ट विशेष कळकळीने सांगते, कारण काही संस्थांत बॅकअप एसएसडीवर घेऊन ती तिजोरीत ठेवायची पद्धत सुरू झालेली मी पाहिली आहे. फ्लॅशच्या पेशीतला भार विजेशिवाय हळूहळू गळतो. जेडेक या मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार हमीइतकं लेखन संपवलेल्या सर्व्हर वर्गाच्या एसएसडीने ४० अंश तापमानात बंद अवस्थेत माहिती ३ महिने टिकवली म्हणजे ती निकषाला उतरली. डेस्कटॉप वर्गाला ३० अंशांत १ वर्ष. नव्या ड्राइव्हमध्ये माहिती याहून कितीतरी जास्त टिकते, पण लेखापरीक्षकांना पाच वर्षांपूर्वीचा डेटा दाखवायची वेळ येऊ शकते अशा संस्थेने तिजोरीतली प्रत हार्ड डिस्कवर किंवा टेपवर ठेवावी. आणि रेड १ मधली दुसरी प्रत बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं टेबल दोन्ही ड्राइव्हवरून एकाच क्षणी जातं.

किमतीबद्दल : मला आलेल्या कोटेशनांत डीसी६००एम डेस्कटॉप ड्राइव्हच्या साधारण दुप्पट होता. फ्लॅशचे भाव सारखे वरखाली होतात, त्यामुळे कोटेशनची मुदत बघून लगेच ऑर्डर द्या. सभेत खर्चाचा ठराव मांडताना मी ड्राइव्हची किंमत नव्या सर्व्हरच्या किमतीशेजारी ठेवली, कारण त्याआधी विचार नवा सर्व्हर घेण्याचाच चालला होता. प्रोसेसर आणि रॅम पुरेसे असलेल्या जुन्या सर्व्हरला ही जोडी आणखी काही वर्षं कामाची बनवते.

९६० जीबी आमच्या डेटाबेसला भरपूर आहे. सभासदांची कागदपत्रं, सह्यांचे नमुने आणि फोटो सर्व्हरवरच ठेवणाऱ्या संस्थांनी १.९२ टीबीचं मॉडेल बघावं. त्यात लेखनाचा वेग ७८ हजारांपर्यंत जातो आणि हमी ३,५०४ टेराबाइटची आहे. त्याहून मोठ्या ३.८४ आणि ७.६८ टीबीच्या मॉडेलांत मात्र विखुरलेल्या लेखनाचा आकडा उलट कमी होत जातो, अनुक्रमे ५९ हजार आणि ३४ हजार. जागा आणि वेग दोन्ही हवे असतील तर एका मोठ्या ड्राइव्हऐवजी १.९२ टीबीचे चार ड्राइव्ह रेड १० मध्ये, म्हणजे नक्कल केलेल्या दोन जोड्यांत काम वाटून, लावणं मी पसंत करेन.